मीटरवरचा तिसरा स्पीकर

अंकिताचं लग्न झालं ते २०१६ साल. एप्रिलची एकोणीस तारीख, मंगळवार. टेंभुर्णीच्या मंगल कार्यालयात अक्षता पडल्या तेव्हा मामा म्हणून मी तिच्या मागं उभा होतो. त्यामुळं साल, तारीख, वेळ यांत माझी गफलत होणार नाही.

ही गोष्ट अंकिताच्या वडिलांची, एकनाथची. माझ्या धाकट्या बहिणीचा, शकुंतलाचा नवरा. त्यानं स्वतः माझ्यासमोर बसून सांगितली. सांगताना हातातला चहा गार झाला, साय धरली, तरी त्याला कळलं नाही. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. पदरचं घालून सांगणारा तो माणूस नाही.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

भर दुपारी घडलं. सोलापुरात. रस्त्यावर माणसं असताना.

एकनाथ मूळचा जेऊरचा. तरुणपणीच सोलापुरात आला आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायला शिकला. घरातली पुढची खोली हेच दुकान. कुणी नवा अ‍ॅम्प घेतला, जुने स्पीकर त्याला चालतील का, हे विचारायला लोक लांबून त्याच्याकडं यायचे. तो तोंडानं कधी सांगायचा नाही. आधी मीटर काढायचा. स्पीकरच्या दोन वायरी मीटरला लावायच्या, ओम, म्हणजे विजेला किती अडथळा होतो तो आकडा, बघायचा, मग बोलायचं.

तो म्हणायचा, विहिरीवर मोटर एक आणि पाइप तीन उघडले तर मोटर जळणारच. तसंच हे. एका अ‍ॅम्पवर जितके स्पीकर जास्त जोडाल, तितका मीटरवर ओमचा आकडा खाली येतो. आकडा खाली आला की अ‍ॅम्पवर ताण. दोन स्पीकर जोडलेत की तीन, हे बॉक्स न बघता नुसत्या आकड्यावरून तो सांगायचा.

त्याची एक सवय होती. मोजून झालं की आकडा, तारीख आणि काय केलं ते बॉक्सच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवायचं. पुढच्या वेळी शोधाशोध नको म्हणून.

या सवयीनंच त्याला धरलं.

जुळे सोलापुरात मानसिंगअण्णा राहायचे. माढ्याकडचे. साखर कारखान्यात कारकून होते, निवृत्त झाले होते. गाण्याचा नाद. हॉलमधले दोन मोठे लाकडी बॉक्स एकनाथनंच त्यांना बांधून दिले होते.

अण्णांच्या बायकोला, बजाबाईंना, अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. एक उजवा हात तेवढा हलायचा. आतल्या खोलीत कॉटवर पडून असायच्या. त्यांना सकाळचे अभंग ऐकू यावेत म्हणून अण्णांनी एकनाथकडून एक छोटा स्पीकर त्यांच्या उशाला बसवून घेतला. भिंतीला भोक पाडून वायर हॉलमधल्या अ‍ॅम्पला आणली.

मग एक गंमत झाली.

अ‍ॅम्प बंद असताना बजाबाईंनी त्या स्पीकरच्या कापडावर नखानं टिचकी मारली... आणि हॉलमधल्या बॉक्समधून बारीक आवाज आला.

टक.

अण्णा पळत एकनाथकडं आले. एकनाथ हसला. म्हणाला, वायर एकच आहे ना अण्णा, तिकडचा पडदा हलला की इकडचाही हलतो. त्यात नवल काही नाही.

पण अण्णांना ते नवलच होतं. त्या दिवसापासून घरात रीतच पडली. दुपारी जेवणं झाली की अ‍ॅम्प बंद करायचा. अण्णांनी हॉलमधल्या दिवाणावर बॉक्सला डोकं लावून पडायचं. बजाबाईंना पाणी हवं, कूस बदलायची, की टक, टक, टक. अण्णा उठायचे, "आलो गं," म्हणत आत जायचे. आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, आमचा संसार आता वायरीवर चाललाय.

लग्नाच्या तीन दिवस आधी, शनिवारी, अण्णांचा अ‍ॅम्प जळाला. एकनाथनं तो दुरुस्त करून नेऊन बसवला. महिन्यात दुसऱ्यांदा. मीटर लावला. तीन स्पीकर, आकडा २.१. तो जुना अ‍ॅम्प एवढा ताण सोसणार नाही, हे त्याला दिसत होतं. पुन्हा जळला तर अण्णा लग्नाच्या मांडवात फोन करतील, हेही दिसत होतं.

अण्णा तेव्हा आत बजाबाईंना भरवत होते.

एकनाथनं अ‍ॅम्पच्या मागून छोट्या स्पीकरची वायर सोडवली. टोकांना चिकटपट्टी लावली. पुन्हा मोजलं. दोन स्पीकर, ३.२. आता अ‍ॅम्प निवांत चालणार होता. बॉक्सच्या मागं पेन्सिलीनं लिहिलं आणि बॉक्स भिंतीला सरकवला.

अण्णा बाहेर आले तेव्हा तो एवढंच म्हणाला, की लग्न उरकलं की येतो आणि आतल्या खोलीला वेगळा छोटा अ‍ॅम्प बसवतो.

वायर काढली, हे बोलला नाही. बोलला असता तर अण्णांनी ती परत जोडायला लावली असती.

चार दिवसांचा तर प्रश्न, असं त्याला वाटलं.

सोमवारी हळदीच्या गडबडीत अण्णांचा फोन आला. लग्नाला येता येत नाही, राग मानू नको, असं म्हणत होते. मग आनंदानं म्हणाले, "आमची म्हातारी लई गुणी झालीया बघ. दोन दिस झाले, एकदाबी वाजवलं न्हाय."

एकनाथच्या हाताला हळद लागली होती. फोन खांद्यानं कानाला दाबून धरला होता.

तेव्हा तरी तो बोलला असता...

पण मागून कुणीतरी हाक मारली. त्यानं फोन ठेवला.

मंगळवारी लग्न लागलं. जेवणाची शेवटची पंगत बसली होती. मी आणि एकनाथ आग्रह करत फिरत होतो, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अण्णांची सून चेतना होती. आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, गेल्या, म्हणाली. दुपारी पावणेतीनला. घास अडकला की काय झालं, कळलं नाही. अण्णा हॉलमध्येच होते.

एकनाथच्या हातातलं जिलेबीचं ताट मी धरलं. नाहीतर पडलं असतं.

तेराव्याला तो त्यांच्या घरी गेला. हॉलमध्ये माणसं बसली होती. पाणी प्यायच्या निमित्तानं तो अ‍ॅम्पजवळ गेला, हात मागं घातला, चिकटपट्टी काढली आणि वायरीची टोकं पुन्हा जोडून टाकली. कुणी पाहिलं नाही.

थोड्या वेळानं एका पाहुण्यानं विचारलं, बाईंनी त्या दिवशी वाजवलं कसं नाही?

अण्णा उठले. आतल्या खोलीत गेले. हॉलमध्ये सगळे गप्प झाले.

टक... टक... टक.

बॉक्समधून स्पष्ट आवाज आला.

अण्णा बाहेर आले. म्हणाले, "बघा, वायर चांगली हाय. तिनं वाजवलंच न्हाय. निजंतच गेली."

एकनाथ खाली मान घालून बसला होता. वर पाहिलं तेव्हा अण्णांचा चेहरा त्याला दिसला. तो चेहरा त्यांच्या बोलण्यासारखा नव्हता.

पुढं अण्णांनी तो छोटा स्पीकर काढला, बजाबाईंच्या लुगड्यात गुंडाळला आणि सीना नदीत सोडला. वायर ओढून टाकली. भिंतीचं भोक सिमेंटनं बुजवलं. जुना अ‍ॅम्प भंगारात गेला. दोन मोठे बॉक्स तेवढे राहिले, मुके.

एकनाथ त्या घरी परत गेला नाही. आठ वर्षं.

यातलं कुणाला काही बोलला नाही. शकुंतलाला नाही, मला नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये अण्णांच्या नातवानं, शिवराजनं, पुण्याहून एक नवा अ‍ॅम्प पाठवला. तळहाताएवढा. मोबाइलवरची गाणी त्यावर लागायची. चेतनानं दोन्ही बॉक्स त्याला जोडले. अण्णा खूश झाले. आठ वर्षांनी घरात अभंग लागले.

पण रोज दुपारी तो अ‍ॅम्प आपोआप बंद पडायचा.

चेतनानं एकनाथला फोन केला. त्यानं कारण सांगून टाळलं. दुसऱ्यांदा टाळलं. तिसऱ्यांदा अण्णांनी स्वतः फोन केला. आता ते पंच्याऐंशीचे होते. आवाज थरथरत होता. म्हणाले, "तूच बांधल्यात पेट्या. दुसऱ्या कुणाचा हात लावू देणार न्हाय मी."

चोवीस तारखेला, बुधवारी, एकनाथ गेला.

सकाळी अकरा वाजता पोचला. ऊन मी म्हणत होतं. निवडणुकीच्या प्रचाराची रिक्षा गल्लीतून ओरडत जात होती. त्यानं अण्णांच्या पाया पडून कामाला हात घातला.

डावा बॉक्स एकटा मोजला. ६.४.

उजवा बॉक्स एकटा. ६.४.

दोन्ही जोडून. ३.२.

सगळं ठीक होतं. अ‍ॅम्पवर लिहिलेलं वाचलं. दोन बॉक्सचा भार त्याला चालणार होता. तिसरा लागला तर मात्र तो स्वतःला वाचवायला बंद होणार होता. पण तिसरा होताच कुठं?

त्यानं अ‍ॅम्प मोठ्या आवाजात लावून ठेवला. तास गेला. दोन तास गेले. काही झालं नाही. चेतनानं जेवायला वाढलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. जेवण झाल्यावर अण्णा नेहमीसारखे दिवाणावर पडले. बॉक्सला डोकं लावून. आवाज बारीक केला. चेतना वरच्या खोलीत गेली.

एकनाथ जमिनीवर बसून होता. समोर भिंतीवर घड्याळ.

अडीच वाजले.

दोन चाळीस.

रस्त्यावरची रिक्षा केव्हाच गेली होती. पंखा फिरत होता. अण्णांचा डोळा लागला होता.

पावणेतीन...

टक.

अ‍ॅम्प बंद पडला.

एकनाथनं हात लावून पाहिला. अ‍ॅम्प गार होता. तापून बंद पडलेला नव्हता. त्यानं बॉक्सच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढल्या आणि मीटरला लावल्या.

आकडा आला...

२.१.

त्यानं वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. २.१.

डावा एकटा लावला. ६.४. उजवा एकटा. ६.४. दोन्ही जोडले.

२.१.

मीटर बिघडला असेल म्हणून पिशवीतला नवा स्पीकर मोजला. बरोबर दाखवला. मीटर चांगला होता.

मीटर सांगत होता, या वायरीवर तीन स्पीकर आहेत.

कुठंतरी जुनी वायर राहिली असेल, असं मनाला समजावत त्यानं डावा बॉक्स भिंतीपासून पुढं ओढला. मागं वाकून पाहिलं.

वायर नव्हती. भिंत गुळगुळीत होती.

पण बॉक्सच्या पाठीवर पेन्सिलीचं अक्षर होतं. त्याचं स्वतःचं.

*१६-४-१६. ३ स्पीकर, २.१. आतला काढला. २ स्पीकर, ३.२.*

आठ वर्षांत तो हे विसरला होता. कुणीही झाडताना बॉक्स ओढला असता तर वाचलं असतं. कुणी वाचलं होतं का? त्यानं अंगठा जिभेला लावला आणि ती ओळ घासायला लागला. पेन्सिल फिसकटली. अक्षर जाईना.

तो घासतच होता...

तेव्हा त्याच्या कानाजवळ, बॉक्सच्या आत...

टक.

तो थांबला. बॉक्सच्या वायरी फरशीवर मोकळ्या पडल्या होत्या. अ‍ॅम्पला नाही, कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

टक... टक.

नखानं कापडावर मारावं तसा आवाज. घाईचा नाही. दमल्यासारखा.

दिवाणावर अण्णा हलले. डोळे मिटलेलेच होते. पाय खाली सोडले, चप्पल चाचपली.

"आलो गं," म्हणाले.

आणि आतल्या खोलीकडं चालत गेले.

एकनाथ बॉक्सच्या मागून बघत होता. आता त्या खोलीत धान्याचे डबे होते, शिलाई मशीन होतं. कॉट नव्हती. अण्णा दारात उभे राहिले. आत बघत. बराच वेळ. मग सावकाश परत आले आणि दिवाणाच्या काठावर बसले. आता पुरते जागे होते.

"वाजलं न्हवं, एकनाथ?"

"न्हाय अण्णा. मला तर काय ऐकू आलं न्हाय."

अण्णांनी मान हलवली. मग हळू बोलायला लागले.

"मी लोकास्नी सांगत आलो, तिनं वाजवलंच न्हाय म्हणून. खरं सांगू? त्या दिवशी माझा डोळा लागला हुता. धा मिंटं आसंल. वायर तर चांगली हुती. मीच वाजवून बघितली की तेराव्याला. म्हंजी तिनं वाजवलं आसंल, आन मी हितं घोरत पडलो आसंन."

"आठ वर्सं झाली. दुपारी डोळा लावत न्हाय मी. लागला तर हे वाजतं."

एकच वाक्य बोलायचं होतं. अण्णा, वायर मी काढली होती. तुम्ही जागे असता तरी ऐकू आलं नसतं. एवढं बोलला असता तर त्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीवरचा दगड उतरला असता. एकनाथच्या स्वतःच्या छातीवर चढला असता, इतकंच.

वाक्य ओठांपर्यंत आलं.

जिन्यावर चेतनाची पावलं वाजली. तिच्यासमोर कसं सांगायचं?

"अण्णा," तो म्हणाला, "उद्या येतो मी. तुमच्याशी जरा बोलायचंय."

"उद्या कशाला? आत्ता बोल की."

"उद्या सकाळी. निवांत."

अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. मग हसले.

"ये. वाट बघतो."

बॉक्स भिंतीला सरकवून एकनाथ निघाला. वायरी तशाच मोकळ्या राहिल्या. त्या जोडायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तयार होऊन बसला. गिऱ्हाईक आलं. ते गेलं. मग म्हणाला, दहा वाजता जाऊ. मग म्हणाला, ऊन उतरलं की. शकुंतलानं विचारलं, कुठं जायचंय? तर म्हणाला, कुठं नाही. जेवण गेलं नाही. शेवटी अडीचला त्यानं स्कूटर काढली.

रस्ताभर तो एकच वाक्य घोकत होता. वायर मी काढली होती. वायर मी काढली होती.

अण्णांच्या फाटकापाशी स्कूटर लावली. आतून मिक्सरचा आवाज येत होता. चेतना चटणी वाटत असावी.

मिक्सर थांबला.

मग तिची किंकाळी ऐकू आली.

अण्णा दिवाणावर कुशीवर होते. डोकं बॉक्सला लावलेलं. उजवा हात वर, बोट बॉक्सच्या कापडावर. नखाखाली कापड विरलं होतं. एकदा-दोनदा वाजवून तसं होत नाही.

बॉक्सच्या वायरी फरशीवर पडल्या होत्या. एकनाथनं सोडल्या होत्या तशाच.

चेतना सारखं म्हणत होती, "मी मिक्सर लावला होता. मला कसं ऐकू येणार? मी मिक्सर लावला होता."

एकनाथनं घड्याळाकडं पाहिलं नाही. त्याला वेळ माहीत होती.

तेरावं झाल्यावर चेतनानं त्याला बोलावून घेतलं. म्हणाली, हे बॉक्स तुम्ही घेऊन जा, घरात नकोत. दोन्ही बॉक्स दाराशी आणून ठेवले होते. पाठ बाहेरच्या बाजूला करून. मागचं लिहिलेलं तिनं वाचलं होतं का, हे त्याला आजही माहीत नाही. ती काही बोलली नाही. त्याच्याकडं बघितलंही नाही.

त्यानं बॉक्स दुकानात आणले. चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी दुपारी राहवलं नाही. मीटर काढला.

डावा एकटा. ६.४.

उजवा एकटा. ६.४.

दोन्ही जोडले...

१.६.

मला त्यातलं काही कळत नाही. मी त्याला विचारलं, १.६ म्हणजे काय?

तो म्हणाला, "दादा, म्हंजी चार."

त्याच दिवशी तो मीटर घेऊन माझ्याकडं आला आणि हे सगळं सांगितलं. मीटर इथंच ठेवून गेला. माझ्या कपाटात आहे. बॉक्स अजून त्याच्या दुकानात आहेत. टाकवत नाहीत, म्हणतो. शकुंतला सांगते, दुपारी हा जेवत नाही, झोपत नाही. बॉक्ससमोर स्टूल टाकून बसतो. मध्येच म्हणतो, "सांगतो अण्णा, सांगतो."

परवा मी त्याच्याकडं गेलो होतो. दुपारची वेळ. तो पाणी आणायला आत गेला होता. मी एकटाच दुकानात होतो. घड्याळात किती वाजले ते मी मुद्दाम बघितलं नाही.

मी काय ऐकलं, ते लिहिणार नाही.

बजाबाई गेल्या १९ एप्रिल २०१६ रोजी, मंगळवारी, दुपारी पावणेतीन वाजता. मानसिंगअण्णा गेले २५ एप्रिल २०२४ रोजी, गुरुवारी, दुपारी पावणेतीन वाजता.